आतली कडी

मुहर्रकच्या बोळात, भर दुपारी,
सल्हाखालाने मला दार दाखवलं.
म्हणाली, बाहेरचं कुलूप राहू दे,
आतली कडी अडकते, तेवढीच बघ.

मी सुतार, संगमेश्वरकडचा.
माणसाआधी लाकूड बघतो.
एक फळी सागाची, कुठल्याशा गलबताची,
नखाने खरवडली तर अजून डांबराचा वास.
बाकीच्या तीन भलत्याच झाडांच्या.
चौकटीचं आणि दाराचं कधी पटलेलं नाही
हे खालच्या बिजागरीवरूनच कळत होतं.

पटणार कसं, ती म्हणाली,
दार आधी आलं. घर नंतर.

तिचा बाप अल्मास.
अल्मास म्हणजे हिरा.
मालक गुलामांना अशीच नावं ठेवायचे, खड्यांची,
आणि पायाला दगड बांधून समुद्रात सोडायचे
मोत्यांसाठी.
नाकाला शिंगाचा चिमटा, गळ्यात जाळीची झोळी,
वर नाखुदा. आमच्याकडचा नाखवाच तो,
पण आमचा मासे मोजतो,
हा दुसऱ्याचे श्वास मोजायचा.
किनाऱ्यावर असले की रात्री दार बाहेरून लावायचे.
त्या घराबद्दल तिने एवढंच सांगितलं.
मी पटाशीला धार लावत राहिलो.

इथे समुद्राच्या तळाशी गोडे झरे आहेत.
पखाल घेऊन बुडी मारायची,
खाऱ्याच्या पोटातून गोडं भरून आणायचं.
एका संध्याकाळी अल्मास पखाल घेऊन गेला.
पखाल दोरीने वर आली.
तो आला नाही.
नाखुदाने वहीत मेला म्हणून लिहिलं,
कर्ज मात्र खोडलं नाही.
आणि मेलेला अल्मास
एका परक्या पडावाच्या सुकाणूला बिलगून
अंधार पडायची वाट बघत होता.

मग ही बेटं. मग कचेरी.
कारकुनाने विचारलं, बापाचं नाव?
याला फक्त एक झाड आठवत होतं.
खालाने दोन्ही हात पसरून बुंधा दाखवला,
तरी पुरेनात, म्हणून मला उभं केलं पलीकडे.
गोरखचिंच! मी म्हणालो.
आमच्या देवळामागे आहे एक,
कुणा खलाशाच्या खिशातून बी आली म्हणतात.
सुताराच्या उपयोगाचं नाही ते,
लाकूड भुसभुशीत, खिळा धरत नाही.
ती हसली. कारकुनालाही नव्हतं उपयोगाचं,
त्याने अब्दुल्ला लिहिलं.

पाण्यात पुन्हा डोकं घातलं नाही त्याने.
अंघोळसुद्धा बसून, तांब्याने.
गाढवावरून पाणी विकलं तीन वर्षं
आणि पहिल्या पैशांचं काय घेतलं,
तर हे दार.
वाळूत दोन वासे रोवून उभं केलं.
भिंत नाही, छप्पर नाही,
चारी बाजूंनी वारा, कुत्री, चांदणं,
आणि हा दाराला आतून कडी लावून
मागे गाढ झोपलेला, उन्हं वर येईपर्यंत.
पोरं दाराला वळसा घालून यायची बघायला.
झाफराना तेव्हाच आली.
तीही सूरकडून पळालेली.
तिने वळसा घातला नाही.
दारावर थाप दिली आणि थांबून राहिली.
भिंती त्यानंतर. आधी झावळ्यांच्या,
मग प्रवाळाच्या दगडांच्या.

माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे.
त्याची किल्ली मिश्राकडे.
बरोबरी करत नाही मी.
मी सही करून आलोय, सुट्टी मिळते,
दोन वर्षांनी आईला भेटतो.
फक्त कडी तासताना
हात उगाच जपून चालत होता.

झाली. खोबरेल लावलं, बोटभर ढकलली की सरकते.
खाला म्हणाली, आत जा, लावून बघ.
मी लावली.
उघडून बघ, ती म्हणाली नाही.
आत अंधार होता, थंड, जरासा डांबराचा.
काम संपलं होतं, गाडी यायची होती,
आणि मी तसाच उभा,
कडीवर बोट ठेवून.

बाहेरून तिचा आवाज आला:
सावकाश.